वत्सलाकाकूंच्या रस्त्याचा वार्ताहर

फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. रविवारची सकाळ, सुधीर पेपर वाचत बसलेला, मुलगी अजून झोपलेली. पिठाच्या हातानेच रिसीव्हर उचलला, तर पलीकडून एका अनोळखी माणसाने विचारलं, "इज धिस मिसेस के?" मला या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता आणि हा आवाज त्याचा नव्हता. त्यामुळे पुढचं ऐकायच्या आधीच मला ते कळलं. फोन करणारा त्यांच्या इमारतीचा सुपर होता, म्हणजे देखभाल बघणारा माणूस. दोन दिवसांचे पेपर दाराशी तसेच पडून होते, म्हणून त्याने आपल्या किल्लीने दार उघडलं. मिस्टर ऑल्डरटन खुर्चीत बसले होते. पाकिटातल्या कार्डावर, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं या ओळीपुढे, माझा नंबर होता. "येते," म्हणून मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. रडू आलं नाही. एक थकवा मात्र आला… तो अजून गेलेला नाही.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. जेफ्री ऑल्डरटन हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. लंडनच्या एका दैनिकाचे ते परदेशी वार्ताहर होते. तीसेक वर्षं त्यांनी जगभरातून बातम्या पाठवल्या आणि शेवटची काही वर्षं ते न्यूयॉर्कला होते. त्यांच्या ऑफिसात मी सहा वर्षं काम केलं. आमच्या जर्सी सिटीतल्या मराठी मंडळींना मात्र त्यांचं नाव चांगलंच माहीत आहे, आणि ते एका चुकीच्या कारणासाठी. ते कारण चुकीचं आहे हे मी सोडून इथे कोणालाच माहीत नव्हतं. ते सांगण्यासाठी मी हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सुधीरच्या नोकरीमुळे आम्ही इथे येऊन तीन-चार वर्षं झाली होती. पुण्याला मी इंग्रजी टायपिंग आणि शॉर्टहँडच्या परीक्षा दिलेल्या होत्या, मुलगी शाळेत जायला लागली होती आणि घरात बसून मला नको झालं होतं. जाहिरात बघून मॅनहॅटनला गेले, तर चौदाव्या मजल्यावर एकच खोली, दोन टेबलं, एक टेलेक्स मशीन आणि खिडकीशी पाठमोरा उभा असलेला उंच, किंचित वाकलेला माणूस. त्यांनी मला परीक्षा, अनुभव वगैरे काही विचारलं नाही. "तुमच्या आडनावाचं स्पेलिंग सांगा," म्हणाले. मी कानिटकर हे अक्षर अक्षर सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, आणि मग म्हणाले, "इतकं नीट लिहून घेतल्यावर मी तुम्हाला मिसेस के म्हटलं तर चालेल का?" हाच इंटरव्ह्यू.

माणसाचं नाव चुकवायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम होता. कुठल्याही माणसाला ते दोनदा नाव विचारत, एकदा सुरुवातीला आणि एकदा निघताना. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावात त्यांचा जन्म झाला, वडील बस चालवायचे. सोळाव्या वर्षी ते गावच्या साप्ताहिकात लागले, आणि पहिल्याच महिन्यात एका मयताच्या बातमीत मेलेल्या माणसाऐवजी त्याच्या भावाचं नाव छापून बसले. तो भाऊ स्वतः ऑफिसात येऊन उभा राहिला. "तेव्हापासून मी दोनदा विचारतो," असं ते म्हणत, आणि हसत नसत. पुढे लंडन, मग आफ्रिका, मग मध्यपूर्व, दोन वर्षं दिल्ली. लढाया, दुष्काळ, सत्तांतरं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा मी विचारलं, तुम्ही एवढं जग पाहिलंत, काय काय पाहिलंत? "मुख्यतः विमानतळ," म्हणाले. दिल्लीच्या दिवसांतली चार-दोन हिंदी वाक्यं त्यांच्याजवळ उरली होती. 'कल' हा शब्द त्यांना फार आवडायचा. काल आणि उद्या दोन्हींना एकच शब्द असलेली भाषा वार्ताहराच्या किती सोयीची, असं म्हणायचे. मराठीत तसं नाही, हे कळल्यावर त्यांची निराशा झाली.

मी पाहिलं ते त्यांचं उतरतीचं आयुष्य होतं. लंडनला आता त्यांच्याकडून वेगळंच हवं असायचं. कुत्र्यांची लग्नं, गाडीएवढा भोपळा, सिनेनटीचा चौथा घटस्फोट. अमेरिकन लोकांचा वेडेपणा सकाळच्या चहाबरोबर वाचायला बरा, असं तिथल्या नव्या संपादकांचं मत होतं. ते निमूटपणे लिहीत. भोपळ्याच्या मालकालाही दोनदा नाव विचारत. मग फोनपाशी उभं राहून, एक हात टेबलावर टेकून, लंडनला मजकूर उतरवून घेणाऱ्या बाईला स्वल्पविरामासकट सगळं सांगत. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीतून बघत राहत. एकदा मी म्हटलं, तुम्हाला या कामाचा कंटाळा येत असेल ना. "कामाचा नाही, मिसेस के," ते म्हणाले, "मला पोचण्याचा कंटाळा आलाय. प्रत्येक ठिकाणी पोचायचं, दोन आठवड्यांत ते समजल्यासारखं लिहायचं, आणि निघायचं."

मला तिथे लागून पाचेक वर्षं झाली, त्या सुमाराला आमच्या जर्सी सिटीत त्रास सुरू झाला. आपली भारतीय माणसं तिथे एकाएकी खूप दिसायला लागली होती. स्टेशनाजवळच्या दोन-तीन गल्ल्यांत तर दुकानाच्या पाट्यासुद्धा आपल्या. हे काही जणांना खुपत होतं. आधी नुसत्या आरोळ्या, मग गाडीतून अंडी फेकणं, मग धक्काबुक्की. कुंकू लावलेली बाई दिसली की टोळकं मागे लागायचं. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका घरी येताना लिफ्टमध्ये टिकली लावत आणि बाहेर जाताना काढत. मीसुद्धा. माझ्या पर्सच्या आतल्या बाजूला अशा पाच-सहा टिकल्या चिकटवलेल्या असायच्या. सुधीरच्या ओळखीच्या एका इंजिनियरला फिरून येताना इतकं मारलं की तो कित्येक दिवस जबडा बांधून हॉस्पिटलात पडून होता. तक्रारी होत होत्या, पण पोरांचा खोडसाळपणा म्हणून कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. पेपरात दोन ओळींच्या वर काही येत नव्हतं.

एक दिवस ऑफिसात मी टेलेक्सचा कागद फाडता फाडता बोलून गेले, "भोपळ्यासाठी तुम्ही दोनशे मैल जाता. नदीपलीकडे आमची माणसं मार खातायत, तिथे यायला वीस मिनिटं लागतात." बोलल्यावर मीच घाबरले. ते टोपी शोधत होते. म्हणाले, "चला."

मग आठ दिवस ते रोज माझ्याबरोबर ट्रेनने जर्सी सिटीला येत होते. मी त्यांना पूर्वी कधी असं पाहिलं नव्हतं. वाकलेली पाठ सरळ झाली होती. दारोदार हिंडलो, मी दुभाषी. लोक दार उघडत, बसा म्हणत, खायला देत आणि बोलत मात्र नसत. "कशाला उगाच, यार," हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा भाषांतरित केलं की शेवटी ते स्वतःच ते मराठी-हिंदी मिश्र वाक्य हुबेहूब म्हणून दाखवायला लागले. शेवटी बोलल्या त्या वत्सलाकाकू.

काकू मूळच्या सांगलीच्या. यजमान गेल्यावर मुलाकडे, विकासकडे, राहायला आलेल्या. बासष्ट-त्रेसष्टच्या असतील. साडी, त्यावर विकासचा जुना कोट आणि पायात बूट, अशा त्या रोज संध्याकाळी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायच्या. इंग्रजी येत नव्हतं, पण वाटेतल्या सगळ्यांना हात करायच्या. एका संध्याकाळी चार पोरांनी त्यांना गाठलं, पदर ओढला आणि ढकलून दिलं. उजवं मनगट मोडलं. आम्ही गेलो तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता, आणि तरी डाव्या हाताने त्यांनी आमच्यासाठी चहा केला. ऑल्डरटननी दोन कप घेतले. काकू सगळं सांगत होत्या, अगदी शांतपणे, जणू कुणा दुसरीचीच गोष्ट. शेवटी म्हणाल्या, "माझं कपाळ तर मोकळंच होतं गं. तरी त्यातल्या एकाने हाताने पुसलं." मला ते वाक्य लगेच इंग्रजीत सांगता आलं नाही. ते थांबले. पेन्सिल कागदावर टेकवून ऑल्डरटन नुसते थांबले.

निघताना त्यांनी सवयीने पुन्हा नाव विचारलं. काकू एकदम म्हणाल्या, "नाव नको हं घालायला. विकासला ऑफिसात त्रास होईल. नात शाळेत जाते." मी सांगितलं. त्यांनी वही मिटली. "आय गिव्ह हर माय वर्ड." मी काकूंना म्हटलं, "ते शब्द देतायत, काकू."

लेख त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवला. त्यात काकूंचा उल्लेख 'साठी ओलांडलेली एक गृहिणी' एवढाच होता. इतकं साधं आणि इतकं चांगलं लिहिलेलं मी त्यांचं दुसरं काही टाइप केलेलं नाही. पाठवून झाल्यावर ते डेंटिस्टकडे गेले. दाढ आठवडाभर ठणकत होती, पण काम संपेपर्यंत त्यांनी ती तशीच ठेवली होती.

दुपारी लंडनहून फोन आला. तिथे संध्याकाळ झालेली, पहिली आवृत्ती निघायच्या बेतात. परराष्ट्र डेस्कवरचा कोणी तरुण उपसंपादक होता. म्हणाला, लेख उत्तम आहे, पण मुख्य बाईलाच नाव नाही. नावाशिवाय ही नुसती ऐकीव गोष्ट वाटते. नाव नसेल तर पान दुसऱ्या बातमीला जाईल. जेफ कुठाय? मी म्हटलं, बाहेर गेलेत, तासाभरात येतील. "तास नाहीये. पाच मिनिटं आहेत. तुम्हाला माहितीये का नाव?"

मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे की त्या पाच मिनिटांत माझ्या मनात काय होतं. हॉस्पिटलातला तो इंजिनियर होता. पर्समधल्या टिकल्या होत्या. आठ दिवस ऐकलेलं 'कशाला उगाच' होतं. हे छापून आलंच पाहिजे, असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, हे मी घडवून आणलं असंही मला वाटून घ्यायचं होतं. मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. त्याने विचारल्यावर रस्त्याचं नावसुद्धा सांगितलं. स्पेलिंगसकट. "गुड गर्ल," तो म्हणाला. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

ऑल्डरटन आले तेव्हा त्यांचा एक गाल सुजलेला होता, आणि सुईमुळे ओठ बधिर. मी त्यांना लगेच सांगितलं. लपवावं असं मनातही आलं नाही, कारण मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं केलंत. ते सरळ फोनकडे गेले. मग जे झालं ते मला विसरता येत नाही. त्यांना नाव काढून टाकायला सांगायचं होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हते. "रिमूव्ह" म्हणायला जात होते आणि भलतंच काही उमटत होतं. लंडनच्या माणसाला वाटलं ते प्यायलेत. तो हसत असल्याचं मला इथपर्यंत ऐकू येत होतं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती पुसायचंही त्यांना कळत नव्हतं. शेवटी मी रिसीव्हर घेतला आणि ओरडून सांगितलं, नाव काढा. तो म्हणाला, छपाई सुरू झाली, मॅडम. आणि मग, "जेफला सांगा, फार सुरेख लेख आहे."

ते खुर्चीवर बसले. अर्ध्या तोंडाने एवढंच म्हणाले, "घरी जा, मिसेस के. तुमची ट्रेन चुकेल."

लंडनचा पेपर जर्सी सिटीत कोण वाचणार, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. दहाएक दिवसांनी तिथल्या एका लहानशा स्थानिक पेपराने तो मजकूर उचलला, नावासकट, रस्त्यासकट. त्याच आठवड्यात काकूंच्या पुढच्या खोलीची काच फोडून वीट आत आली. नात तिथेच अभ्यासाला बसायची, त्या वेळी ती स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. मग फोन सुरू झाले. उचलला की पलीकडे नुसता श्वास, नाहीतर शिव्या.

"आपल्याला गेलं पाहिजे," ऑल्डरटन म्हणाले. मी म्हटलं, हो, मी सांगते त्यांना, माझ्यामुळे झालं म्हणून. ते म्हणाले, "तुम्ही फक्त भाषांतर करायचं."

खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. विकास भिंतीशी उभा होता, त्याने आम्हाला बसाही म्हटलं नाही. काकू टेबलाशी होत्या. ऑल्डरटन उभेच राहिले, टोपी हातात. म्हणाले, "त्यांना सांगा, नाव मी दिलं. मी शब्द दिला होता आणि मी तो मोडला. त्याला काही सबब नाही." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खोलीत सगळे माझी वाट बघत होते…

आणि मी भाषांतर केलं. शब्दन् शब्द.

 काकू म्हणाल्या, "त्याला सांग, मी त्याला मोडक्या हाताने चहा करून दिला होता." मी तेही इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. "येस," म्हणाले. "शी डिड."

परतीच्या वाटेवर आम्ही स्टेशनावर आलो. फलाटावर मी रडायला लागले तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि समोर रुळांकडे बघत म्हणाले, "तुम्हाला या लोकांत राहायचंय, मिसेस के. तुमची मुलगी यांच्या मुलांबरोबर वाढणार आहे. मी निघून जाणारा माणूस आहे. माझ्याबद्दल कुठेतरी वाईट बोललं जातंच, त्यात आणखी एका गावाची भर." मी म्हटलं, हे खोटं आहे. "हो," ते म्हणाले, "पण लेखावर नाव माझं आहे." यावर काय बोलावं मला सुचलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुचलं तरी मी ते बोलले नाही. त्या गप्प राहण्यात मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

विकासने बदली मागून घेतली. तो कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत होता, त्याला ॲरिझोनात चँडलरला जागा मिळाली. दोन महिन्यांत घर रिकामं झालं. जाईपर्यंत काकू एकदाही कोपऱ्यापर्यंत गेल्या नाहीत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत लोक म्हणत, तो ब्रिटिश आला, गोड बोलला, नाव छापून नाव कमावून गेला. सुधीरही म्हणायचा. मी पानं वाढत पुढे जायची.

पुढल्या वर्षी लंडनने न्यूयॉर्कचं ऑफिस बंद केलं. ऑल्डरटनना निवृत्त व्हायला सांगितलं. मला वाटलं ते इंग्लंडला जातील, तिथे त्यांची मुलगी होती. पण त्यांनी जर्सी सिटीतच एक दोन खोल्यांची जागा घेतली. निघून जाणारा माणूस गेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पोचण्याचा कंटाळा आलाय, सांगितलं होतं ना." मी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लागले. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे थालीपीठ घेऊन जायची, मग तीन महिन्यांनी, मग सणासुदीला. ते दर वेळी दार उघडून खूश होत आणि दर वेळी मला घरी परतताना अंग जड वाटे. त्या गोष्टीचा आम्ही कधी उच्चार केला नाही. शेवटच्या भेटीत ते फार थकलेले दिसले. जिना चढून आल्यासारखे धापत होते आणि बसूनच होते. "फाइन," म्हणाले. ते कायम फाइनच असत.

अंत्यविधीला आम्ही सहाजण होतो. इंग्लंडहून आलेली मुलगी, इमारतीचा सुपर, न्यूयॉर्कमधले दोन निवृत्त वार्ताहर, सुधीर आणि मी. मुलीला वडिलांबद्दल फारसं माहीत नव्हतं. ती मलाच विचारत होती. पुढच्या शनिवारी मंडळाची मीटिंग होती. तिथे कोणीतरी सहज म्हणालं, "तो ब्रिटिश गेला म्हणे. तोच ना रे, वत्सलाकाकूंचं नाव छापलं तो?" दुसरा म्हणाला, "हो, तोच." हातातली प्लेट खाली ठेवून मी बाहेर येऊन गाडीत बसले. घरी आल्यावर सुधीरला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "इतकी वर्षं मी त्यांना शिव्या देत होतो आणि तू ऐकून घेत होतीस?" मी होकारार्थी मान हलवली. त्यानेच माझं चँडलरचं तिकीट काढलं.

चँडलरला नवी नवी घरं, सगळी एका रंगाची, आणि डोळे दुखवणारं ऊन. दार नातीने उघडलं, चांगली उंच झाली होती. मी मराठीत विचारलं, आजी आहे का? "शी इज इन द किचन," म्हणाली. काकू टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. मला बघून आनंदल्या, अगं ये, ये, अशी कशी अचानक, म्हणाल्या. मी बसलेही नाही. पाणी प्यायले असते तर बोलणं झालं नसतं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डेंटिस्टपासून फलाटापर्यंत, आणि ते गेले हेही.

काकूंचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते की त्या चिडतील, नाहीतर म्हणतील, जाऊ दे गं, झालं ते झालं. त्या म्हणाल्या, "तू त्याचं बोलणं मला मराठीत सांगत होतीस. तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही." बस्, एवढंच.  अजूनही त्यांनी मला क्षमा केली असं म्हटलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

मग त्या उठल्या. टेलिफोनखालच्या ड्रॉवरमधून, औषधांच्या चिठ्ठ्यांखालून, त्यांनी पाकिटांचा एक गठ्ठा काढला. नऊ होती. टाइप केलेला पत्ता, जर्सी सिटीचे शिक्के. एकही उघडलेलं नव्हतं. ज्याने आयुष्यभर माणसं शोधली, त्याला हा पत्ता शोधणं काय अवघड! "दर दोन-तीन महिन्यांनी यायचं," काकू म्हणाल्या. "विकास म्हणायचा फेकून दे. नाहीतर मी वाचून दाखवतो. मी दोन्हीला नाही म्हटलं. माफी मागत असेल, मला ती नको होती." त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "आता वाच. मराठीत सांग."

मी पहिलं पाकीट फोडलं. मलाही वाटलं होतं माफीच असेल. माफी होती, पण एकच ओळ, अगदी शेवटी, खिडकीबद्दल. बाकी सगळी बातमी होती. त्यांच्या त्या साध्या, नेमक्या वाक्यांत. तुमच्या जुन्या घरात आता एक फिलिपिनो कुटुंब राहतं, त्यांना जुळ्या मुली आहेत. खिडकीला नवी काच बसवली आहे, मी जवळ जाऊन पाहिली. कोपऱ्यावरच्या लाँड्रीतल्या बाईंनी तुमची चौकशी केली. तुम्ही हात करायचात हे त्यांना आठवतं. तुमच्याविषयी मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त बऱ्या आहात एवढंच म्हणालो. दुसऱ्या पत्रात बर्फाचं होतं, तिसऱ्यात रस्त्यावर बसवलेल्या नव्या दिव्यांचं. रोज संध्याकाळी, काकूंच्या फिरण्याच्या वेळी, ते त्या रस्त्याने कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होते. दोन वर्षं. आणि मला वाटत होतं की त्यांनी लिहिणं सोडलं.

नात गृहपाठ बाजूला ठेवून ऐकायला येऊन बसली होती. मी चौथं पत्र उघडलं. माझा आवाज आता मला आवरत नव्हता, काकूंनी तो आवरायला सांगितलंही नाही. त्यात शेवटी लिहिलं होतं: 'या महिन्यात इथे काही झालं नाही. काल संध्याकाळी तीन बायका साड्या नेसून, कुंकू लावून कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि गप्पा मारत परत आल्या. कोणी त्यांना अडवलं नाही. हे ऐकीव नाही, मी स्वतः पाहिलं.'

काकू पुढे झुकल्या. "कोण होत्या गं? नावं लिहिलीत का त्यांची?"

मी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"नाही, काकू. नावं नाही लिहिली."

काकूंनी मान डोलावली. निवडलेली भाजी बाजूला सारून टेबलावर जागा केली आणि पाचवं पाकीट माझ्याकडे सरकवलं.